खालच्याला हाक

साईनाथच्या मशीनला गावात कोणी धड नावाने हाक मारत नव्हतं. कागदावर ती स्किड लोडर होती, साइटवर तिला सगळे बॉबकॅट म्हणत, आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं उरकून टाकलं होतं: जेसीबीचं पिल्लू. साईनाथला याचा राग यायचा. पिल्लू म्हणायला ती काय उद्या वाढून मोठी होणार होती? उलट जेसीबी ज्या फाटकातून आत शिरू शकत नाही तिथून ही अंग चोरून शिरायची, एका जागी उभी राहून गर्रकन फिरायची, आणि बंगल्याची भिंत न खरवडता मागच्या बोळातली माती उचलून पुढे आणायची. शहापूरपासून मुरबाडपर्यंत मुंबई-ठाण्याच्या लोकांनी जिकडे तिकडे फार्महाऊस काढली होती. कोणाला लॉन हवं, कोणाला दगडी पायवाट, कोणाला कमळांचं तळं. ही सगळी हौस साईनाथच्या बकेटमधून जायची.

कामाला तोटा नव्हता. घरात मात्र चंदा नव्हती.

हे सरळ सांगून टाकलेलं बरं, कारण साईनाथ ते कोणाला सरळ सांगत नसे. कोणी विचारलं की म्हणायचा, माहेरी गेलीय, आईला बरं नाय. सासूबाई, म्हणजे सकुबाई, चांगल्या ठणठणीत होत्या; डोक्यावर मोळी घेऊन रान उतरायच्या. पण जावयाने वर्षभरात त्यांना गुडघ्यापासून मोतीबिंदूपर्यंत सगळी दुखणी लावून दिली होती.

खरी गोष्ट अशी की मशीन घेण्यासाठी त्याने मोठं खाचर विकलं होतं. घरची बाकीची जमीन म्हणजे डोंगराच्या अंगाची, नाचणी-वरीची. भाताचं असं ते एकच. सातबाऱ्यावर नाव साईनाथचं, त्यामुळे सही त्याची एकट्याची पुरली. चंदाला विचारावं असं कायद्यानेही म्हटलं नाही आणि त्याच्याही मनात आलं नाही. एकोणिसाव्या वर्षी ती लग्न होऊन आली आणि पहिल्याच आषाढात त्या खाचरात उतरली. त्यानंतर बावीस लावण्या तिने तिथे केल्या. खालच्या कोपऱ्यात पाणी ठरत नसे, तो कोपरा तिने चिकणमाती तुडवून तुडवून धरता केला होता. बांधातली खेकड्यांची बिळं दर साली तीच बुजवायची, पायाच्या टाचेने, आणि त्या वेळी कोणी बोललेलं तिला चालत नसे.

साईनाथला वाटलं होतं, मशीन दारात आली की चंदा खूष होईल. झेंडूची माळ घालून त्याने ती आणली. चंदाने ताट आणलं, बकेटला कुंकू लावलं, नारळ वाढवला आणि मग विचारलं, कुठलं दिलंत? मोठं, तो म्हणाला. तिने खोबऱ्याचे तुकडे केले, जमलेल्या सगळ्यांच्या हातावर ठेवले, त्याच्याही ठेवला, आणि ताट घेऊन आत गेली. त्या दिवशीही ती काही बोलली नाही आणि नंतरही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं.

मग आषाढ आला. शेजारीपाजारी लावणीला निघाले, पहाटे घराघरात चुली पेटल्या, आणि चंदाला उठून जायला जागाच नव्हती. तीन दिवस तिने घरातले सगळे डबे घासले. चौथ्या दिवशी म्हणाली, भावाच्या लावणीला हात लावून येते, दहा दिवसांत. त्या दहा दिवसांना आता वर्ष होत आलं होतं. त्यांची प्रियांका कल्याणला नर्सिंगच्या होस्टेलवर होती. ती आईला फोन करायची, बापाला फोन करायची, आणि दोघंही तिला एकमेकांची ख्यालीखुशाली विचारायची. शेवटी एकदा ती वैतागून म्हणाली की पप्पा, मी काय पोस्टमन आहे का, तुम्हीच जाऊन आईला 'चल' म्हणा. साईनाथ म्हणाला, बघू. हा बघू त्याने वर्षभर पुरवला.

मधल्या काळात, त्या माघात त्याला सरळगावच्या पुढचं काम आलं. एका बंगल्याभोवती बाग करायची, मागे मोठं लॉन. घरून, म्हणजे किन्हवलीवरून, मशीन ट्रकवर चढवून न्यायची म्हणजे लांबचा पल्ला. दुसरा कोणी असता तर त्याने नाही म्हटलं असतं. साईनाथने पत्ता ऐकला आणि लगेच हो म्हटलं. प्लॉट माळावर होता. माळाच्या खालच्या अंगाला त्याच्या मेहुण्याची, हनुमानची, खाचरं होती आणि त्यांच्या पलीकडे ओहळ. म्हणजे चंदाचं माहेर मशीनच्या सीटवरून सरळ दिसायचं.

स्वतःला त्याने सांगितलं की लॉनचं काम चांगलं असतं, त्यावरून पुढची कामं मिळतात. माणूस स्वतःला काहीही सांगू शकतो.

पुढचे तीन महिने तो तिथे काम करत होता. दगड उचलले, मुरूम पसरला, बाहेरून आलेली लाल माती आत ओढली. आणि दिवसातून दहादा त्याची मान खाली वळायची. चंदा कधी भाताच्या रोपांची जागा, राब, भाजायला पालापाचोळा पसरताना दिसायची, कधी ओहळावर धुणं घेऊन. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण बसण्याची पद्धत दिसत होती. एक गुडघा वर आणि एक खाली. तिलाही मशीनचा आवाज येत असणारच. तिने एकदाही वर पाहिलं नाही. सासुरवाडी एवढी जवळ असून जावई घरी येत नाही, याची चर्चा वाडीत झाली असणार. सकुबाईंनी शहाणपणा केला, काही न बोलता रोज दुपारी डबा पाठवायला सुरुवात केली. भाकरी आणि सुकट, नाहीतर भाकरी आणि वालाचं बिरडं. सासूबाईंची भाकरी जाड काठाची. पण मधूनच एखाद्या दिवशी डबा उघडावा तर पातळ, एकसारखी, मधोमध फुगून आलेली भाकरी निघायची. तसल्या दिवशी साईनाथ जेवायला तासभर घ्यायचा. डबा धुऊन, पुसून परत पाठवायचा, आणि त्यात एखादी चिठ्ठी टाकावी असं मनात यायचं. चिठ्ठीत काय लिहायचं ते मात्र सुचायचं नाही.

बागेचं काम बघायला ठाण्याहून नेहा मॅडम यायच्या. तरुण, चटपटीत बाई. बोलणं गोड पण डोळा कडक. लॉनच्या वेळी त्यांनी त्याला उभं करून नीट समजावलं. लॉनला उतार पाहिजे, शंभर फुटांना एक फूट, घराकडून कुंपणाकडे, म्हणजे पाणी थांबणार नाही. साईनाथने मान डोलावली. त्याला काय हे नवीन होतं? अशी दहा लॉनं त्याने काढून दिली होती.

पण ती दहा लॉनं काही चंदाच्या माहेरासमोर नव्हती.

मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. नेहा मॅडम दुसऱ्या साइटवर अडकल्या होत्या. साईनाथ बकेट जमिनीला टेकवून मशीन उलटी घ्यायचा, मागे जाता जाता माती ओढायचा, पुन्हा पुढे. सगळं काम या मागे जाण्यातच असतं. पुढे जाताना माती उकरली जाते, मागे येताना ती बसते. उंचवटा आला की सीटमधून कळतं, डोळ्यांनी बघावं लागत नाही. आणि त्याचे डोळे तसेही तिथे नव्हते. खाली चंदा बांध लिंपत होती. हनुमान कुदळ मारत होता आणि ती मागून चिखल थापत, टाचेने दाबत चालली होती. साईनाथ बघत राहिला आणि त्याचे हात आपलं काम करत राहिले. कोपरा भरला, कड उचलली, परत ओढली. दोन दिवसांत लॉन झालं. असं हातून क्वचित उतरतं, हे त्याचं त्यालाच कळलं. त्याने फोटो काढून मॅडमना पाठवला. मॅडमनी उलट अंगठा पाठवला. हिरवळ पाऊस सुरू झाल्यावर येणार होती आणि पायवाटेचं थोडं काम बाकी होतं, म्हणून मशीन ताडपत्रीखाली तिथेच राहिली.

जुलैत दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस धो धो कोसळला. चौथ्या दिवशी सकाळी नेहा मॅडमचा फोन आला. त्यांचा आवाज गोड नव्हता. त्या साइटवर उभ्या होत्या आणि हिरवळीचा ट्रक फाटकाबाहेर उभा होता. त्यांनी एवढंच विचारलं की साईनाथ, तुम्ही इथे भात लावणार आहात का?

साईनाथ मोटारसायकलवर निघाला. पोचला तेव्हा पाऊस उघडला होता. बंगल्याच्या मागे तो वळला आणि जागीच थांबला. लॉन नव्हतं. खाचर होतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत पाणी एका पातळीत उभं होतं, कुठे बोटभर जास्त नाही, कुठे कमी नाही, आणि चारही बाजूंनी त्याने स्वतः बकेटने दाबून बसवलेला वीतभर बांध ते धरून होता. उतार औषधालाही नव्हता. त्याच्या हातांनी मॅडमचं ऐकलंच नव्हतं. बापाकडून जे शिकले होते तेच त्यांनी केलं होतं.

त्याला लाज वाटली, आणि तरीही त्याने खाली बसून त्या पाण्यात हात बुडवला. गेल्या आषाढात त्याला असं पाणी दिसलं नव्हतं. आपल्यालाही ते हवं होतं, नुसतं चंदालाच नाही, हे त्याला इतक्या उशिरा त्या चिखलाच्या काठावर कळलं.

नेहा मॅडमनी ट्रक परत पाठवला. चूक तुमची, त्या म्हणाल्या, ऊन पडलं की उतार पुन्हा काढून द्या, आणि पाणी आजच्या आज बाहेर पाहिजे. साईनाथने सगळं कबूल केलं. मॅडम गाडीत बसून गेल्या. त्याने फावडं घेतलं आणि खालच्या कोपऱ्यातल्या बांधाशी गेला.

एक घाव घातला असता की काम झालं असतं. पण कुंपणाखाली हनुमानची खाचरं होती आणि त्यात बायका वाकून लावणी करत होत्या. वरचं खाचर नुकतंच लावून झालेलं, रोपं अजून मुळं धरायची होती. एवढं पाणी एकदम सुटलं तर ती सगळी उपटून ओहळात गेली असती. इकडे भात लावणाऱ्याला हे कोणी शिकवावं लागत नाही: वरच्याने बांध फोडायच्या आधी खालच्याला हाक मारायची. दोन भावांचं बोलणं बंद असलं, कोर्टात दावा चालू असला तरी पाण्यासाठी हाक मारली जाते आणि तिला ओ दिली जाते.

साईनाथ कुंपणाशी गेला आणि त्याने हनुमानला हाक मारली. खालून एका बाईने सांगितलं की हनुमान मुरबाडला गेलाय, खत आणायला. मग खालचं पाणी कोण बघतंय, त्याने विचारलं. रांगेतल्या चार बायका तोंड फिरवून हसल्या आणि एक पाचवी, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेली, वाकलेलीच राहिली.

तेवीस वर्षांत साईनाथने बायकोला चारचौघांत नावाने हाक मारली नव्हती. घरात 'ऐक गो' एवढ्यावर भागायचं. आता 'ऐक गो' म्हटलं असतं तर पाचही बायकांनी वर पाहिलं असतं.

‘चंदा,’ त्याने हाक मारली. ‘पानी सोडायचंय. सोडू का?’

ती सरळ उभी राहिली. हातातली रोपांची मूठ तिने शेजारणीकडे दिली, बांधावरून चालत वर आली आणि कुंपणाच्या फटीतून आत शिरली. वर्षाने तिला जवळून बघत होता तो. उन्हाने काळवंडली होती, कानाशी केस पांढरे झाले होते. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, पाण्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग साडी वर खोचून त्यात उतरली आणि एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, तिथून तिसऱ्यात अशी चालत गेली. पाणी सगळीकडे तिच्या घोट्यालाच लागत होतं. खालच्या कोपऱ्यात येऊन ती थांबली.

‘हा कोपरा कोनी धरला?’ तिने विचारलं.

‘मीच. मशीननं.’

‘मोठ्या खाचरासारका धरलाव.’

साईनाथ म्हणाला की मुद्दाम नाही केलं, हात गेला तसा. चंदाने मान हलवली. तिला ते पटलं होतं, असं त्याला वाटलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कोरडा होता.

‘पानी सोडाया इचारताव,’ ती म्हणाली. ‘खाचर दिलंत तवा कंदी इचारलंत नाय.’

वर्षभर तो या वाक्याची वाट बघत होता आणि त्यावर द्यायची उत्तरं त्याने मशीनवर बसून शंभरदा घोकली होती. पोरीची फी. बेभरवशाचा पाऊस. मजूर मिळत नाहीत. सगळी खरी होती. एकही तोंडातून निघालं नाही.

‘इचारायला पायजे होतं,’ तो म्हणाला. ‘चुकलो.’

चंदाने त्याच्या हातातलं फावडं घेतलं आणि बांधावर दोन बोटं ठेवून दाखवलं, एवढंच फोडा, म्हणजे माझी रोपं हलायची नाहीत. फावडं त्याच्या हातात परत दिलं आणि ती खाली गेली.

दुपार त्यात गेली. हा वर बसून बांध चिमूटभर कापायचा, ती खाली आपल्या खाचरातून पाणी पुढे ओहळाकडे काढून द्यायची. तिथून ओरडायची, कमी करा; हा मूठभर चिखल लावायचा. थोड्या वेळाने, सोडा आता. हा बोटाने उकरायचा. पाण्यापलीकडचा एक शब्द दोघांपैकी कोणी उच्चारला नाही. पण कमी करा, सोडा, बस, थांबा, हे शब्द त्यांनी बावीस वर्षं एकमेकांना ओरडून सांगितले होते, आणि वर्षभर साईनाथला असं हक्काने कोणी काही करायला सांगितलं नव्हतं. बाकीच्या बायका जेवायला बसल्या तेव्हा ती बसली नाही. तोही उठला नाही. त्याला वाटत होतं, हे पाणी लवकर संपू नये.

पाणी काय थांबणार? चार वाजता लॉनची लाल माती वर आली. साईनाथ फावडं टाकून कुंपणाशी गेला. चंदा खाली हातपाय धूत होती.

‘घरी कवा येशील?’ त्याने विचारलं. विचारायला वर्ष लागलं, आणि विचारून झाल्यावर लक्षात आलं की यात काहीच अवघड नव्हतं.

तिने वर पाहिलं. रागाने नाही. खरंच प्रश्न पडल्यासारखं.

‘येऊन करू काय?’ ती म्हणाली. ‘घर हाये, नाय कोन म्हनतंय. पन पावसात मी बसू कुठं? सांगा तुमीच.’

मोठ्या खाचरावर आता पत्र्याचं गोदाम होतं आणि कितीही मोठी मशीन आणली तरी ते कोणी परत आणून देणार नव्हतं. त्याने खोटं काही सांगितलं नाही. दुसरं घेऊ, बघू, असलं काही नाही. तो नुसता उभा राहिला आणि तिला ते बहुधा बरं वाटलं, कारण ती लगेच निघून गेली नाही. ओल्या पदराने हात पुसत राहिली. बायकांनी तिला हाक मारली, दुसऱ्या खाचरात रांग धरली होती. ती दोन पावलं गेली आणि परत वळली.

‘उद्या कवा सोडनार पानी?’

साईनाथने मागे वळून लॉनकडे पाहिलं. ते रिकामं होतं. एका कोपऱ्यात ओंजळभर पाणी राहिलं होतं, तेही जिरत होतं. आभाळ उघडलं होतं. वरून येणारी धार आटली होती, उद्या सोडायला पाणीच उरलं नाही, हे खालून तिलाही दिसत होतं.

‘सकाळीच,’ तो म्हणाला. ‘तुला हाक मारून.’